सामान्यरूप

तार्तूला आले तेव्हा ऑगस्ट होता,
रात्री साडेआठलाही आभाळात उजेड,
आणि किल्लीला चिकटपट्टीने लावलेला आकडा: ४१७.
पहिल्या आठवड्यात मी सगळं मोजलं.
खोलीतले हुक तीन. काटे दोन, एकाचा दात वाकलेला.
बटाट्यांचे युरो, त्यांचे रुपये,
आणि बटाटे परत जागेवर.

मोजणं केव्हा थांबलं, आठवत नाही.

तळघरात कपडे धुवायचे तर वहीत नाव लिहावं लागतं.
मंगळवार, सात ते आठ.
मी नीट लिहिलं, रोमन अक्षरांत, वैजयंती.
चावीवाल्या हेल्वेबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा अर्ध्यात सोडून दिलं
आणि हाक मारली, "वाया!"

ओले मोजे हातात धरून मी हसत सुटले.
आमच्याकडे वाया म्हणजे फुकट गेलेलं.
फाटलेलं दूध. नापासाचं वर्ष.
आत्याच्या मते माझं हे सगळं सत्र.
कॅर्ट यंत्रावर बसून सफरचंद खात होती.
"आमच्याकडे," ती म्हणाली,
"वाया म्हणजे हवं असलेलं. ज्याच्यावाचून अडतं ते."
आणि माझ्या मोज्यांत तिची साबणपूड ओतली,
जरा जास्तच.

गुरुवारी मारेटबाईंचा भाषेचा तास.
विभक्त्या चौदा, असं त्या सांगतात
जसं कुणी सांगावं, घरात मांजरं चौदा.
भविष्यकाळ नाही. लिंगही नाही.
कॉफी ती, दूध ते, पाव तो
हे माझं मीच मनात वाटत बसते.
शेवटची विभक्ती 'गा', म्हणजे सह.
तिच्या अलीकडची 'ता', म्हणजे शिवाय.
सुहक्रुगा, साखरेसह. सुहक्रुता, साखरेशिवाय.
काउंटरवर मी दोन्ही म्हणून पाहिलं;
दोन्ही वेळा मुलाने मान डोलावली
आणि दिली ती गोडच होती.

घरी शिकलेलं व्याकरण इथे आठवतं, बसमध्ये, उगाच.
घर या शब्दाला नुसता 'ला' लागत नाही.
आधी घरचं घरा होतं,
थोडं वाकतं, शेवट सैल सोडतं,
मग कुठे घराला, घरातून, घरापासून.
या वाकण्याला शाळेत सामान्यरूप म्हणायचे.
मला तेव्हा वाटायचं, किती रुक्ष नाव.

नोव्हेंबरात दुपारीच दिवे लागतात.
केतेवानने तिबिलिसीहून आणलेल्या अक्रोडांची चटणी केली,
मी तिच्यात गुपचूप हिरवी मिरची घातली,
आणि कॅर्टच्या हातून काळ्या पावाचा तुकडा फरशीवर पडला.
तिने उचलला, ओठांना लावला, खाल्ला.
कुणी काही बोललं नाही.
माझा हात, पाय चुकून पुस्तकाला लागल्यावर जातो तसा,
आपोआप कपाळाकडे गेला होता.

आई फोनवर विचारते, "रुळलीस का?"
मी म्हणते, हो.
मग सांगते, इथल्या नदीच्या नावात आई आहे,
एमायोगी, आईनदी.
ती म्हणते, "थंड असेल पाणी."
"गोठलंय काठाकाठाने."
"मग जाऊ नकोस जवळ."

अंधारात चालणाऱ्याने अंगावर चमकती चकती लावायची, असा इथे कायदा.
कॅर्टने माझ्या कोटाला टाचली ती घुबडाच्या आकाराची आहे,
एक डोळा पुसट झालेला.
परवा पुलावर एका गाडीचा झोत अंगावरून गेला.
चालकाला मी दिसले असणार,
निदान घुबड तरी.

जानेवारीचं तिकीट टेबलाच्या खणात आहे.
आज मंगळवार. वहीत मी चारच अक्षरं लिहिली,
हेल्वेबाईंना सोपी जावीत म्हणून. वाया.
त्यांनी ती वाचली, चष्मा खाली घेतला,
मान हलवली,
आणि बर्फाळ पायऱ्या उतरावं तसं, एकेक पाऊल चाचपत म्हणाल्या,
वै. ज. यं. ती.